उदगीरकर बाईंचं मुकं घर

उदगीरकर बाईंना कशाची भीती वाटत नाही, असा प्रश्न त्यांच्या कॉलेजात गमतीने विचारला जाई. उत्तर ठरलेलं होतं: सापाची. हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या त्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि साप सहज हातात घेत. बाकी सगळ्याचीच भीती होती. गॅसचं सिलिंडर, विजेचा ओला खटका, दिवाळीतले फटाके, दारासमोर थांबलेली अनोळखी मोटार, उशिरा आलेलं पत्र, वेळेआधी आलेलं पत्र. रस्ता ओलांडायचा तर आणखी कोणी ओलांडणारा येईपर्यंत त्या उभ्या राहत आणि तो आला की त्याच्या डाव्या अंगाला लागून चालत. मॅडम माणसाचा आडोसा करतात, असं विद्यार्थी म्हणत. ते खरं होतं.

प्रयोगशाळेत गॅसचा वास येतोय, या संशयावरून त्यांनी एकापेक्षा जास्त वेळा सगळा वर्ग मैदानात आणून उभा केला होता. गॅस एकदाही गळत नव्हता. प्राचार्य त्यांना म्हणाले, "मॅडम, अगली बार आग लगे तबीच बुलाओ." घरी आल्यावर हे सांगताना बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आग लागल्यावर मी कशाला पाहिजे? तेव्हा तर सगळ्यांनाच दिसतंय."

मी तेव्हा एका इंग्रजी दैनिकात वार्ताहर होतो आणि बरकतपुऱ्यात त्यांच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. वर त्या एकट्या. लग्न केलेलं नव्हतं. घराणं उदगीरकडचं, दोन पिढ्या हैदराबादेत, आधी निजामाच्या आणि मग सरकारच्या नोकरीत. पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी गावाकडे असताना बाईंना लहानपणी धान्याच्या पेवात लपवून ठेवलं होतं, त्या भीतीने त्या अशा झाल्या, असं नातेवाईक सांगत. मी एकदा विचारलं. "छे," त्या म्हणाल्या, "मी झोपले होते. पेवात गार असतं. आईला भीती वाटली होती, मला नव्हे. मला भीती वाटायला लागली ती प्राणिशास्त्र शिकल्यावर."

भीती हा अवयव आहे, असं त्या शिकवत. काळीज, यकृत, तसा. तो काढून टाकला की प्राणी छान दिसतो, बिनधास्त फिरतो आणि मरतो.

पक्षी त्यांच्याकडे आला तो जप्तीतून. देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली होती आणि वनखात्याने जुन्या शहरातल्या एका दुकानावर धाड घातली होती. पिंजरे भरभरून पोपट मिळाले. ते कोणत्या जातीचे, हे कागदावर लिहून द्यायला तज्ज्ञ हवा होता. रेंजर नरसिंह हा बाईंचा जुना विद्यार्थी. त्याने बाईंना बोलावलं. रस्ता ओलांडून द्यायला मी बरोबर गेलो.

बाई एकेक पिंजरा बघत पुढे सरकत होत्या. दुकानदार म्हणत होता, सगळे पहाडी आहेत, म्हणजे खांद्यावर लाल डाग असलेले मोठे पोपट. एका पिंजऱ्यापाशी बाई थांबल्या. पक्षी इतरांहून मोठा होता, डोकं राखी, हनुवटीखाली रुंद काळा पट्टा, शेपूट लांब. चोच लालभडक. बाईंनी तारेतून बोट आत घातलं. पक्षी चावला. बोट बाहेर काढलं तेव्हा त्यावर रक्त होतं आणि नखात वेगळाच लाल रंग. त्यांनी तो बोटांनी चुरून बघितला.

"नेलपॉलिश आहे," त्या म्हणाल्या. "खाली चोच काळी आहे. मादी आहे ही."

दुकानदाराने कबूल केलं. काली चोंच का मिट्ठू कौन लेता बाईसाब, लोगां बोलते जला हुआ है.

काळ्या चोचीची, राखी डोक्याची ती मादी निकोबारी पोपटाची होती. निकोबारच्या मोजक्या बेटांपलीकडे ही जात जगात कुठेच नाही. कोणीतरी जहाजावरून ती आणली, मद्रासला विकली आणि तिथून ती इथे आली. प्राणिसंग्रहालयात जागा नव्हती. पक्षी मुद्देमाल होता, त्याला मरू देणं नरसिंहला परवडणारं नव्हतं. "मॅडम, थोडे दिन आपके पास रखो," तो म्हणाला. "मैं पोर्ट ब्लेअर को लिखतूँ. वापस भेज देंगे."

तिकडून होकार येण्याची शक्यता होती. अट एकच होती. पक्षी माणसाळलेला, बोलणारा नसावा. बोलणारा पक्षी बेटावर सोडला तर तो माणसांच्या वस्तीकडेच जातो आणि पुन्हा पकडला जातो. ही जात बोलण्यात हुशार म्हणूनच तर पकडली जाते.

त्या दिवसापासून उदगीरकर बाईंच्या घरात बोलणं बंद झालं.

पक्षी मागच्या खोलीत होता, पण घर लहान. जिन्याच्या पहिल्या पायरीला आवाज संपवायचा, हा नियम झाला. वर पाटी आणि खडू होता, काही सांगायचं तर लिहायचं. दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला, सगळे खुणा शिकले. त्याच सुमारास गल्लीत केबल आली होती आणि घराघरांतून दिवसभर मालिका ऐकू येत. बाई, ज्या कोणाशी कधी भांडल्या नव्हत्या, त्या मागच्या बाजूच्या प्रत्येक घरी जाऊन आवाज कमी करा म्हणून हात जोडून आल्या. खिडकीला त्यांनी गोधड्या लावल्या. पक्ष्यासाठी केवड्याचं फळ लागे. नरसिंहचा एक शिपाई श्रीकाकुळमचा होता, तो गावी गेला की पोतंभर फळं आणी.

संक्रांतीला हळदीकुंकू मात्र त्यांनी चुकवलं नाही. ओळखीच्या मराठी बायका आल्या. जिन्यातच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. वर गेल्यावर हळदीकुंकू लागलं, ओट्या भरल्या, वाण दिलं गेलं, आणि तिळगूळ हातावर ठेवताना जे म्हणायचं ते म्हणता येईना. बायका एकमेकींकडे बघत, तिळगूळ द्यायच्या आणि पुढच्या दोन शब्दांच्या जागी नुसती मान हलवायच्या. एकीला हसू आवरेना, ती पदराचा बोळा तोंडात घालून खाली पळाली. बाकीच्या खाली आल्या तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि त्यांचं बोलणं माझ्या दारात बराच वेळ चाललं.

"गोड बोला म्हणायची सोय नाही, असं घर असतं होय?" एक म्हणाली.

"पाखरू एकटंच आहे गं," दुसरी म्हणाली. "वेडं व्हायचं ते. आणि ही पण."

शेजारच्या सावित्रम्मांनाही तेच वाटे. त्या तेलुगू, बाईंच्याच वयाच्या, मोठ्या मनाच्या आणि मोठ्या आवाजाच्या. बाईंशी त्या हैदराबादी हिंदीत बोलत, कारण दोघींना पूर्ण येणारी ती एकच भाषा होती. पक्षी आल्यापासून त्या गच्चीवर उभ्या राहून खुणांनी बोलत आणि खुणाही मोठ्या करत.

होकार येईल असं वाटू लागलं त्या काळात बाईंना भाचीच्या लग्नाला लातूरला जावं लागलं. पक्षी सोडून जायची त्यांना भीती वाटत होती, पण न जाण्याचीही वाटत होती. किल्ली सावित्रम्मांकडे दिली. फळ कधी घालायचं, पाणी कधी बदलायचं, हे सांगितलं. आणि एक शब्द बोलायचा नाही, असं हात धरून सांगितलं. सावित्रम्मांनी देवाची शपथ घेतली.

बाई परत आल्या त्या सकाळी मी त्यांची बॅग घेऊन वर गेलो. पिंजऱ्यात दोन पक्षी होते.

दुसरा साधा हिरवा राघू होता, सावित्रम्मांच्या मुलाने नव्या बाजारातून आणलेला. दोघे एकाच दांडीवर अंगाला अंग लावून बसले होते आणि राघू निकोबारी मादीच्या मानेची पिसं विंचरत होता. बाईंनी राघूला उचललं आणि खिडकीशी नेलं. त्याच्या छातीवर पिसं विरळ होती. जी होती ती वाकडी उगवलेली.

सावित्रम्मा जिन्यावर आल्या. बाईंनी त्यांना खाली नेलं.

"ये क्या करे तुम?"

"क्या करी?" सावित्रम्मांना खरंच कळेना. "बात नक्को करो बोले. मैं एक लफ्ज नई बोली, अम्मातोडू, माँ की कसम. अकेला बैठ को रोता था बिचारा. मिट्ठू को रखी साथ में. ये मिट्ठू गूँगा है, इसके वास्तेच रखी. दूसरा था, वो बात करता था, उसकू नई रखी."

सावित्रम्मांनी नियम अक्षरशः पाळला होता. बोलणाऱ्या राघूला वगळून मुका राघू निवडला होता. दुसऱ्या कोणत्या भीतीबद्दल बाईंनी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. त्या घरात कोणी काही सांगत नसे.

"हा कुठून आणला?" बाईंनी नंतर मला विचारायला लावलं. मी सावित्रम्मांच्या मुलाला विचारून आलो. देशी पक्ष्यांवर बंदी आल्यावर दुकानं परदेशी पक्ष्यांनी भरली होती. हातात पैसा आलेली माणसं पांढरे काकाकुवे, रंगीत लव्हबर्ड नेत होती. राघू अशाच एका दुकानात, मागच्या बाजूला, काकाकुव्यांच्या पिंजऱ्याखाली लपवलेला होता.

पिसांचा एक रोग असतो, बाई म्हणाल्या. पिसं वाकडी येतात, गळतात, चोच फुटते. परदेशी पोपटांबरोबर तो फिरतो. औषध नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काही पक्षी तो अंगात घेऊन वर्षानुवर्षं धडधाकट दिसतात.

राघू सावित्रम्मांकडे परत गेला आणि पुढे काही आठवड्यांत मेला. शेवटी त्याच्या अंगावर पिसं जवळजवळ नव्हती आणि चोच टोकाला चिरलेली होती. सावित्रम्मांनी त्याला अंगणात पुरलं. त्या रडत होत्या. बाईंनी मला बजावलं, "तिला सांगू नकोस हं कशामुळं ते. मनाला लावून घेईल."

निकोबारी मादीला काही झालं नाही. तिची पिसं तकतकीत राहिली. बाई रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाचा कागद बाहेर काढून त्यावर पडलेलं प्रत्येक पीस उजेडात धरत, सरळ आहे का बघत, आणि सरळ असलं तरी त्यांचा चेहरा मोकळा होत नसे. रोग दिसता तर प्रश्न सुटला असता. तो दिसत नव्हता. तपासणी करून खात्री देणारं त्या काळी आमच्या माहितीत कोणी नव्हतं. बाईंनी जिथे जिथे विचारलं तिथून उत्तर आलं की पक्षी निरोगी दिसतो.

मग होकार आला.

नरसिंह पेढे घेऊन आला. त्याच्या खात्याला असं काही करून दाखवण्याची संधी क्वचित मिळते. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे विमान, तिथून बोट. बाईंनी त्याला माझ्या खोलीत बसवलं, कारण वर बोलता येत नव्हतं, आणि सगळं सांगितलं. राघू, पिसं, चोच, काकाकुवे. शेवटी म्हणाल्या, "नक्को भेजो."

नरसिंहने शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, ये पंछी को कुछ हुआ क्या?"

"नई."

"डॉक्टर देखा?"

"देखा. अच्छी है बोला."

"फिर?"

"मेरेकू डर लगता, नरसिंह. वहाँ पूरा झुंड है. दुनिया में उतनेच हैं. एक को हुआ तो..."

नरसिंह हसला. वाईट हेतूने नव्हे. "मॅडम, आपकू किस चीज से डर नई लगता, वो बताओ पैले. लॅब में गॅस था बोल को हमको धूप में खडा करते थे आप. याद है?" तो माझ्याकडे वळला. "हर हफ्ते, साब."

बाईंचा चेहरा पांढरा पडलेला मी बघितला. आयुष्यभर त्या ज्याला त्याला भीत आल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकल्या होत्या. ही भीती त्यांनी अभ्यासाने, पुराव्याने मिळवली होती आणि ती त्याच रांगेत जाऊन उभी राहिली होती. नरसिंहच्या दृष्टीने ती सिलिंडरची बहीण होती.

"जीप आयी तो ले को जाऊँगा," तो उठत म्हणाला. "दो साल किसकू बात नई करने दिये आप. इतनी मेहनत करे. अब खुश होना."

त्याच दुपारी वरून आवाज आला. मी आधी ओळखला नाही, कारण वरून आवाज येण्याची सवय मोडली होती. बाईंचाच होता. त्या खिडकीवरच्या गोधड्या काढत होत्या आणि पिंजऱ्यासमोर बसून एकच वाक्य म्हणत होत्या.

"बीमार हूँ. नक्को छोडो."

मी दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी हाताने आत बोलावलं, मग हसून हात खाली घेतला. आता खुणेची गरज नव्हती.

"बोलणारा पक्षी घेत नाहीत ना ते?" त्या म्हणाल्या. "मग बोलू दे की. आणि बोलायचंच आहे तर कामाचं बोलू दे. उद्या मी नसले, कोणी चांगल्या मनाचा माणूस आला आणि हिला घरी सोडून येतो म्हणाला, तर सांगणार कोण?"

"मराठीत शिकवा ना."

"मराठी माझ्या भाच्याच्या पोराला कळत नाही, पोर्ट ब्लेअरला कोणाला कळणार? तेलुगू इथेच राहील. हिंदी कशी, सगळीकडे चालते."

पण पक्षी बोलेना. इतका काळ माणसाचा शब्द न ऐकलेलं ते पाखरू मान तिरपी करून बाईंकडे बघत राही. बाई पहाटे सुरुवात करत, कॉलेजातून आल्यावर पुन्हा. शिट्टी वाजवून बघितली, शेंगदाणा दाखवून बघितला, पिंजऱ्यावर कापड टाकून अंधारात म्हणून बघितलं. त्यांचा घसा बसला. गल्लीत गाडीचा आवाज झाला की वाक्य मध्येच थांबे, गाडी पुढे गेली की पुन्हा सुरू होई. उघड्या खिडकीतून ते सगळ्यांना ऐकू जात होतं. उदगीरकर मॅडम आजारी आहेत, एकट्या पडल्यात, म्हणून लोक चौकशीला येऊ लागले. सावित्रम्मा चारूभाताचा, म्हणजे सारभाताचा, डबा घेऊन धावत आल्या. बाई खाटेवर नसून स्टुलावर बसल्यात आणि पक्ष्याला आजारी असल्याचं सांगतायत, हे पाहून त्या मला म्हणाल्या, "इनकू डॉक्टर के पास ले जाओ, बाबू. मेरे बात सच्ची हुई. घर में बात नई करे तो ऐसाच होता."

जीप आली तेव्हा पक्षी अजून बोललेला नव्हता.

नरसिंहबरोबर एक शिपाई होता आणि प्रवासाचा लाकडी खोका, पुढे जाळी. बाईंनी पुन्हा सांगून बघितलं. या वेळी त्यांनी कारणं दिली नाहीत, नुसतं "नक्को रे" म्हणाल्या. नरसिंहने वर बघितलं नाही. त्याने टॉवेलने मादीला धरलं, खोक्यात घातलं, खिळी लावली. सगळं फार लवकर झालं. शिपाई खोका उचलून जिना उतरू लागला, मागे नरसिंह. बाई वरच्या पायरीवर कठडा धरून उभ्या. मी खाली होतो.

जिन्याचं वळण अरुंद होतं. खोका भिंतीवर आपटला, कलला, आत पंख फडफडले.

"बीमार हूँ," आवाज आला. घसा बसलेल्या बाईचा. "नक्को छोडो."

नरसिंह थांबला. त्याने मागे वळून वर बघितलं. "क्या मॅडम?"

बाईंनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

"नक्को छोडो. नक्को छोडो. बीमार हूँ."

शिपायाने खोका पायरीवर ठेवला आणि दोन पायऱ्या मागे सरकला. नरसिंह जाळीसमोर वाकला. मग, पहिल्यांदाच, त्याने तो प्रश्न खरंच उत्तर हवं म्हणून विचारला.

"सच्ची में बीमार है क्या, मॅडम?"

"मालूम नई," बाई म्हणाल्या. "वोइच तो डर है."

बोलणारा पक्षी पाठवता येत नाही, असा शेरा मारून ते प्रकरण मिटलं. मादी बाईंकडेच राहिली. बाईंचं बरोबर होतं की चूक, हे कधी कळलं नाही. तिला रोग होता असं कोणी सिद्ध केलं नाही आणि नव्हता असंही नाही. बेटावरचे पोपट या पक्ष्यामुळे आजारी पडले नाहीत, एवढंच खात्रीने सांगता येतं. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. मी ती दिली नाही.

काही वर्षांनी माझी बदली झाली. त्यानंतर हैदराबादला गेलो तेव्हा बरकतपुऱ्याची ओळख बुजत चालली होती. जुन्या घरांच्या जागी चार-चार मजले उठले होते. बाईंचं घर तसंच होतं. बाई निवृत्त झाल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. मादी मात्र जशीच्या तशी.

"ही पाखरं फार जगतात," चहा ओतताना त्या म्हणाल्या. "माझ्या मागं वीस वर्षं सहज. भाचा म्हणतो, मी सांभाळतो मावशी. चांगला आहे तो. चांगल्या माणसांचीच मला भीती वाटते बघ. चांगला माणूस कधीतरी खिडकी उघडतो."

दिवे लागायच्या वेळी मी निघालो. त्या जिन्यापर्यंत आल्या, सांभाळून उतर म्हणाल्या, आणि आत गेल्या. मी खाली येऊन चपला घालत होतो तेव्हा वर बोलणं सुरू झालं. एक म्हातारा, बसका आवाज विनवत होता, "नक्को छोडो. नक्को छोडो." आणि तोच आवाज, तितकाच म्हातारा, तितकाच बसका, मराठीत उत्तर देत होता, "नाही गं. नाही सोडत."